घरचा अर्थसंकल्प : अंदाज की संकल्प?

देवस्थानच्या पत्रिकेत घरखर्चाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात प्रथमच उभा राहील. देवळात यावे ते घरच्या विवंचना उंबऱ्याबाहेर ठेवून. तेथेही मीठमिरचीचा हिशेब निघू लागला तर मनाला विसावा मिळावयाचा कोठे? शंका रास्त आहे. परंतु आमचे म्हणणे असे की, घरखर्च हा केवळ आकडेमोडीचा विषय नव्हे. चार माणसे एका छपराखाली, एका मिळकतीवर राहतात, तेव्हा त्या मिळकतीतले कोणाच्या वाट्याला काय येते आणि कोणाच्या वाट्याचे काय कमी होते, हा न्यायाचा प्रश्न असतो. न्याय-अन्यायाचा विचार धर्माच्या कक्षेबाहेरचा मानला, तर त्या कक्षेत उरते तरी काय?

'बजेट' या शब्दाला मराठीत दोन प्रतिशब्द रूढ आहेत. एक 'अंदाजपत्रक' आणि दुसरा 'अर्थसंकल्प'. वृत्तपत्रांतून हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु क्षणभर थांबून पाहिले तर त्यांत मोठे अंतर आहे. अंदाज चुकला तर कोणी कोणाला दोष देत नाही. पाऊस येईल असे वाटले आणि तो आला नाही, एवढेच. संकल्पाचे तसे नाही. संकल्प हा करणाऱ्याला बांधतो. मग घरखर्चाचा जो कागद आपण महिन्याच्या आरंभी लिहितो, तो अंदाज समजावा की संकल्प? आमच्या मते उत्तर असे आहे की, मिळकतीच्या बाजूला तो अंदाज आहे आणि खर्चाच्या बाजूला संकल्प. मिळकत किती होईल हे सर्वस्वी आपल्या हाती नसते. परंतु जे हाती येईल ते कोणासाठी आणि किती खर्च करावयाचे, हे मात्र आपणच ठरवितो. बहुतेक घरांतून याच्या नेमके उलट घडते. मिळकत ठरलेलीच आहे असे धरून चालतात आणि खर्चाचा तेवढा अंदाज बांधतात.

पूजेच्या आरंभी संकल्प कसा होतो, ते सभासद कुटुंबांना सांगावयास नको. देशकालाचा उच्चार होतो. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार यांची नावे घेतली जातात. यजमान स्वतःचे गोत्र व नाव सांगतो, हे कर्म कशासाठी करीत आहोत ते सांगतो आणि तळहातावरील उदक ताम्हनात सोडतो. म्हणजे कोठे, केव्हा, कोणी, कशासाठी, या चारही गोष्टी संदिग्ध ठेवून संकल्प होऊच शकत नाही. 'केव्हातरी, जमेल तसे, काहीतरी चांगले करू' असे म्हणून कोणी उदक सोडीत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यजमान सपत्नीक बसला असेल तर संकल्पाच्या वेळी पत्नीचा हात त्याच्या हाताला लागलेला असतो. घरचे कर्म एकट्याचे नव्हे, हे त्या स्पर्शाने सांगितले जाते. पूजेत तो स्पर्श मूक असला तरी चालतो. अर्थसंकल्पात मात्र तो बोलका असावयास हवा.

आता एक उदाहरण घेऊ. आपल्या बडोद्यातील एका मध्यम स्थितीच्या घराची मिळकत दरमहा ३२,००० रुपये आहे असे धरू. किराणा, दूध व भाजीपाला ११,०००, घरभाडे ७,०००, वीज, गॅस, टेलिफोन २,५००, मुलांचे शिक्षण ३,५००, औषधपाणी २,०००, जाणेयेणे २,०००. हे झाले २८,०००. विमा, दिवाळी, आहेर, जूनमधील पुस्तके-गणवेश असे वर्षातून एकदोनदा येणारे खर्च मिळून वर्षाला ३०,००० होतात. म्हणून त्यांच्यासाठी दरमहा २,५००. अडीअडचणीसाठी १,००० आणि दानधर्मासाठी ५००. बेरीज बरोबर ३२,०००. कागद नीट झाला. घरधनी समाधानाने निजला.

पंधरा दिवसांनी जवळच्या नात्यातील लग्न येते. आहेरासाठी १,५०० रुपये काढून ठेवलेले असतात. परंतु दुकानात पाऊल ठेवताच 'आपण सख्खे, चार लोकांत बरे दिसले पाहिजे' असा विचार प्रबळ होतो आणि ५,००० रुपये खर्च होतात. वरचे ३,५०० कोठून आले? घरभाड्यातून येत नाहीत; घरमालक पहिल्या तारखेला दारात उभा राहतो. विजेच्या बिलातून येत नाहीत. वीज तोडली जाईल. शाळेच्या फीमधूनही येत नाहीत. शाळेची चिठ्ठी येईल. अडीअडचणीचे १,००० तेवढे निमूटपणे निघतात. उरलेले २,५०० मग कोठून निघतात, हे कोणी विचारीत नाही. ते निघतात दुधाच्या एका पिशवीतून, भाजीच्या टोपलीतून आणि आजीच्या डोळ्यांच्या औषधातून. 'पुढच्या महिन्यात दाखवू' असे म्हटले जाते आणि आजी 'मला काही घाई नाही' म्हणते. घरातील गृहिणी कोरा चहा पिऊ लागते आणि विचारले तर 'दूध मला पचत नाही' असे सांगते.

आमच्या सांगण्याचे मर्म येथे आहे. मोडलेल्या अर्थसंकल्पाची भरपाई कोणीतरी करीतच असतो; आणि तो नेहमी घरातील न बोलणारा मनुष्य असतो. जो खर्च ओरडतो त्याला पैसा मिळतो, जो मुका असतो तो कापला जातो. दाराशी येणारे देणेकरी ओरडतात, समाजातील प्रतिष्ठा तर सर्वांत मोठ्याने ओरडते. परंतु म्हातारपण, आजारपण आणि आईपण ही ओरडत नाहीत. म्हणून ठरलेल्या रकमेबाहेर खर्च करणे ही केवळ अव्यवस्था नव्हे. ज्याने तक्रार केली नाही त्याच्या ताटातले त्याला न विचारता उचलणे होय. परक्याच्या घरात आपण असे कधीही करणार नाही. स्वतःच्या घरात मात्र ते आपल्या नजरेसही येत नाही, कारण ताट रिकामे झालेला मनुष्य हसून 'माझे झाले' असे म्हणतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. घर ही काही पेढी नव्हे. जेथे माया आहे तेथे हिशेब कशाला, असे पुष्कळ सज्जन म्हणतात. नवराबायकोत, मायलेकरांत पैपैची नोंद होऊ लागली की आपलेपणा संपला, असे त्यांना वाटते. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. कोणी किती मिळविले आणि कोणी किती खाल्ले, असा हिशेब घरात सुरू झाला तर ते घर राहणार नाही. परंतु तो हिशेब हक्काचा. आम्ही म्हणतो तो हिशेब काळजीचा. आजीच्या औषधाचे २,००० रुपये वहीत लिहिलेले असले म्हणजे आजीला मागावे लागत नाही. ज्यांना मागता येत नाही त्यांच्या वतीने वही मागते. मायेला शब्द सापडत नाहीत तेथे आकडा बोलतो. तेव्हा वहीमुळे माया आटते असे नसून, वहीवाचून ती पुष्कळदा केवळ मनात राहते, एवढेच खरे.

देशाच्या कारभारात हे तत्त्व फार पूर्वी मान्य झालेले आहे. भारतीय राज्यघटनेच्या ११४ व्या अनुच्छेदाप्रमाणे, कायद्याने विनियोजन झाल्यावाचून भारताच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. मंजूर रक्कम अपुरी पडली तर ११५ व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारला पुन्हा संसदेपुढे येऊन पूरक मागणी मांडावी लागते. अकल्पित संकटासाठी २६७ व्या अनुच्छेदात आकस्मिकता निधीची वेगळी सोय आहे. एवढ्या मोठ्या देशाचा अर्थमंत्रीदेखील, 'माझ्या हाती तिजोरी आहे, मी पाहून घेईन' असे म्हणू शकत नाही. मग घरच्या कर्त्यानेच ते का म्हणावे? घरातही तीच रीत असावी. ठरले ते सर्वांसमक्ष ठरावे. बदलावयाचे तर पुन्हा सर्वांना विचारून बदलावे. आणि संकटासाठी थोडे आधीच बाजूला काढलेले असावे. एवढे केले की खर्च बदलला तरी संकल्प मोडत नाही. संमतीने झालेला बदल ही दुरुस्ती होय; न विचारता केलेला बदल हा भंग होय.

याच कसोटीवर दुसरा एक अवघड प्रश्नही पाहता येतो. दारी अडलेला आप्त आला आणि हातउसने मागू लागला, तर वहीत तरतूद नाही म्हणून त्याला परत पाठवावे काय? आतिथ्य आणि परोपकार यांना आपल्याकडे थोर मानले आहे. वही त्यांच्या आड आली तर ती वही काय कामाची? आमचे उत्तर असे की, वही दार बंद करीत नाही. आपण देणार ते कोणाच्या वाट्यातून देणार, एवढेच ती विचारते. मुलाच्या सहलीचे पैसे द्यावयाचे असतील तर मुलाला जवळ बसवून सांगावे, 'काकांच्या घरी आजार आहे. तुझी सहल यंदा राहिली तर चालेल काय?' बहुतेक मुले 'चालेल' म्हणतात. मग ते दान त्या मुलाचेही होते. न विचारता दिले तर मात्र पुण्याचा धनी बाप आणि त्याग करणारे लेकरू, अशी विषम वाटणी होते. दुसऱ्याच्या वाट्याचे देऊन आपण उदार ठरणे, हे औदार्य नव्हे.

आता थोडे व्यवहाराकडे वळू. अर्थसंकल्प मोडण्याचे कारण प्रत्येक वेळी मोहच असते असे नाही. पुष्कळदा ते विसरणे असते. आमचे घर पौरोहित्याचे. आमच्या मिळकतीचा मार्ग पंचांगातून जातो. माघ-फाल्गुनात आणि वैशाख-ज्येष्ठात लग्नमुंजींचे मुहूर्त असतात, श्रावण-भाद्रपदात पूजा आणि गणपती असतात. आषाढी एकादशीनंतर लग्ने थांबतात, पौषातही मुहूर्त नसतात. त्यात २०२३ साली श्रावण अधिक आला, आणि २०२६ च्या पंचांगात तर ऐन लग्नसराईचा ज्येष्ठ अधिक आहे. परंतु अधिक मास हे संकट नव्हे. तो अचानक येत नाही. साधारण साडेबत्तीस महिन्यांच्या अंतराने येतो आणि पंचांगकर्ते तो आधीच गणून ठेवतात. प्रत्येक घराचे असे अधिक मास असतात. जूनमधील फी, विम्याचा हप्ता, दिवाळी, माहेरपणाला येणारी लेक. हे सर्व ठाऊक असून आपण दरवर्षी 'यंदा अचानक खर्च आला' असे म्हणतो. तेव्हा वर्षाचे असे खर्च आधी एका कागदावर लिहावे, त्यांची बेरीज करून बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळी काढावी. ज्यांची मिळकत अनियमित आहे, मग ते पुरोहित असोत, आचारी असोत, रिक्षा चालविणारे असोत की शिकवण्या करणारे असोत, त्यांनी भरल्या महिन्याच्या हिशेबाने संसार न मांडता, वर्षाच्या मिळकतीचा बारावा भाग हाच आपला महिन्याचा पगार समजावा आणि वरचे सुन्या महिन्यांसाठी राखावे. भरतीच्या वेळी ओहोटीची आठवण ठेवणे एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी अडचण या काळाची आहे. पूर्वी स्त्रिया डाळीच्या डब्यात, मोहरीच्या बरणीत थोडे पैसे ठेवीत. डबा उघडला की किती उरले ते डोळ्यांना दिसे, आणि शेवटची नोट काढताना हात अडखळे. २०१६ साली यूपीआयची सोय झाली, तेव्हापासून हातगाडीवरची कोथिंबीरही मोबाइलवरून घेता येते. सोय उत्तम आहे. ती टाकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अडखळणारा हात तिने काढून घेतला, हेही विसरू नये. म्हणून रोजची नोंद आता पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाली आहे. महात्मा गांधी १८८८ साली शिक्षणासाठी विलायतेस गेले, तेव्हा बसभाडे आणि टपालखर्चासुद्धा ते टिपून ठेवीत व निजण्यापूर्वी रोजचा मेळ घालीत, हे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे सार्वजनिक पैशाचा कारभार त्यांना निर्वेधपणे करता आला तो याच सवयीमुळे, असेही ते सांगतात. रात्रीची पाच मिनिटे, एवढाच तिचा खर्च. हप्त्यांविषयीही एक शब्द. आज घेतलेल्या वस्तूचा हप्ता म्हणजे पुढील बारा महिन्यांच्या अर्थसंकल्पांवर आजच केलेली सही होय. ते महिने अजून आलेले नाहीत आणि त्या वेळी घरात काय अडेल हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून वस्तू स्वस्त आहे की महाग, यापेक्षा ती सही करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न आधी विचारावा.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काही घरांत कितीही काटकसर केली तरी मिळकत पुरत नाही. अशा घराला 'अंथरूण पाहून पाय पसरा' असे ऐकविणे हे निर्दयपणाचे आहे. अंथरूणच हातभर असेल तर पाय ठेवावयाचे कोठे? अर्थसंकल्पाने पैसा वाढत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्याने दुसरे एक कार्य होते. जी उणीव आहे ती न्यायाने वाटली जाते. टंचाई उघडपणे मांडली गेली म्हणजे ती एकट्या गृहिणीच्या पदरात गुपचूप पडत नाही. सर्वांनी थोडेथोडे कमी घेणे आणि एकीने सर्वस्व कमी घेणे, यांत रुपयांचा फरक काहीच नाही; धर्माचा फरक मात्र फार मोठा आहे.

शेवटी समाजाविषयी. घरचा अर्थसंकल्प घरातल्याच माणसांनी मोडतो असे नाही. पुष्कळदा तो आपण शेजारीपाजारी मोडतो. कोणी काय आहेर केला याची चर्चा करणारे आपणच, मुंजीत किती पंगती उठल्या ते मोजणारे आपणच. आमच्या पोटावर पाय आणणारे असले तरी हेही सांगतो की, ऋण काढून सण करू नये, आणि ऋण काढून केलेल्या मोठ्या पूजेपेक्षा घरच्या ऐपतीत केलेली पंचोपचार पूजा उणी नसते. या नगरीची परंपरा याहून निराळी आहे. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली बडोद्यात 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन झाली. परस्परसाहाय्याच्या देशातील अगदी आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. 'अन्योन्य' म्हणजे एकमेकांचे. त्या पिढीने अडलेल्या घराची अडचण चारचौघांची मानली. आपण निदान एवढे तरी करावे, की आपल्या बोलण्याने वा मोजण्याने दुसऱ्या घराचा संकल्प मोडणार नाही.

आपल्या या प्रांती दिवाळीत व्यापारी बंधू चोपडापूजन करतात. नव्या वहीवर स्वस्तिक काढतात, शुभ-लाभ लिहितात आणि मगच तिच्यात पहिला आकडा मांडतात. हिशेब हे पूजेस योग्य असे कर्म आहे, ही जाणीव त्यांनी राखली. गृहस्थाश्रमी मनुष्याने तेवढे का करू नये? येत्या लक्ष्मीपूजनाला चौरंगावर घरखर्चाची एक साधी वही ठेवावी. तिचे पहिले पान घरातील सर्वांनी मिळून भरावे. थोरांनी सांगावे, लहानांनी ऐकावे, आणि जो कधीच काही मागत नाही त्याला सर्वांत आधी विचारावे, 'तुमच्यासाठी काय लिहू?' त्याचे उत्तर 'मला काही नको' असेच येईल. ते मान्य करू नये. त्याच्या नावापुढे आकडा घालावा, आणि तो वर्षभर पाळावा. शुभं भवतु.